झाकली मूठ, झाकली बरणी

आपाच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबरठ्यातच थबकायचा. आंबट वास असा काही नाकात शिरायचा की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. आपा आतून ओरडायची, "या, या! रडू नका, घरात सगळे सुखरूप आहेत."

वयानं मोठी माणसंसुद्धा तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. ती सिरका करून विकायची. दुकानातल्या बाटलीवर ज्याला व्हिनेगर म्हणतात तोच, पण आपासमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. "ते कारखान्यातलं पाणी," ती म्हणायची, "त्यानं फरशी पुसा." कामाच्या बाबतीत ती अशीच फटकळ होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होत्या त्या मागच्या खोलीतल्या बरण्या, आणि त्यांची ती सख्ख्या लेकरांसारखी निगा राखायची.

काम तिला सासूनं शिकवलं होतं. द्राक्षं चुरायची, रस गाळायचा, रुंद तोंडाच्या बरण्यांत भरायचा, तोंडावर पातळ कापड बांधायचं आणि मग आपली जीभ आवरून बसायचं. कारण रस सुरुवातीला गोड असतो आणि शेवटी आंबट होतो, पण मध्ये काही आठवडे तो ना धड रस असतो ना धड सिरका. फसफसतो, बुडबुडे सोडतो, आणि मग जे बनतं त्याचं नाव घ्यायला आपा तयार नसे. ती त्याला नुसतं 'मधले आठवडे' म्हणायची. त्या दिवसांत ती बरणीतला थेंबही जिभेवर ठेवायची नाही. नुसत्या वासावर काम चालायचं. वरून साय धरली, वास नाकाला चावायला लागला, की 'अलहमदुलिल्लाह' म्हणून पहिला चमचा चाखायचा.

या मधल्या आठवड्यांनी तिची झोप उडवली होती, तीही दर वर्षी. आपण पाच वेळा नमाज पढणारी बाई, आणि आपल्याच मागच्या खोलीत हे काय शिजतंय? मशिदीतल्या जुन्या मौलवीसाहेबांना तिनं हे इतक्यांदा विचारलं होतं की ती गल्लीत दिसली की ते लांबूनच उत्तर द्यायचे, "सिरक्यासाठी भरलंयस ना? आपोआप सिरका होतोय ना? मग झालं तर! सिरका किती चांगलं तोंडीलावणं, असं खुद्द पैगंबरसाहेबांनी म्हटलंय. जा आता." आपा हे शेवटचं वाक्य गिऱ्हाइकांनाही ऐकवायची, दोन बाटल्या जास्त खपायच्या.

आता तिच्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण आपाचं खरं दुखणं बरणीत नव्हतं, भावात होतं.

धाकटा भाऊ शिंपी होता. कापड बेतण्यात हात असा की लोक त्याला मास्टर म्हणायचे आणि नाव विसरून गेले होते. त्याची टीप म्हणजे मुंग्यांची रांग, एक टाका इकडचा तिकडे नाही. घाईचं काम त्याला जमायचंच नाही. आतल्या बाजूची, कुणाला न दिसणारी शिवणही तो उसवून पुन्हा घालायचा. असा माणूस दारू प्यायला लागला. का लागला, ते त्यालाही कधी नीट सांगता आलं नाही. आधी दुकान बंद केल्यावर, मग दुकान बंद करून, मग दुकानच बंद.

आपाला हे त्याच्या बायकोच्याही आधी कळलं होतं. तिनं काय केलं? झाकलं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे त्या घराचं ब्रीदवाक्य होतं. मास्टर लग्नाला आला नाही, तर 'पित्त उसळलंय.' डोळे लाल, तर 'पित्त.' भर रस्त्यात पडला, तर 'पित्तानं चक्कर आली.' गल्लीतल्या म्हाताऱ्या पित्तावर म्हणून साळीच्या कोरड्या लाह्यांची पुडी घेऊन यायच्या, आपा ती घ्यायची आणि दुवा द्यायची. दारू एकटा माणूस पितो, पण खोटं बोलायला सगळं घर लागतं. आपाच्या घरात बोलणारी एकटी तीच, म्हणून सगळ्यांच्या वाटणीचं तिनंच बोलून घेतलं.

शेवटी भावजय लेकीला घेऊन माहेरी गेली. आरडाओरडा नाही, भांडीकुंडी आपटणं नाही. शाळेचं दप्तर भरावं तसं शांतपणे सामान भरलं आणि गेली. लेकीला सांगितलं की अब्बू लांब कामाला गेलेत. त्यानंतर मास्टरनं पुष्कळ धक्के खाल्ले, एका इस्पितळात राहिला, आणि सोडली. खरोखर सोडली. मशीन घेऊन आपाकडे राहायला आला, पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून लोकांच्या पँटी आखूड करू लागला. जुम्म्याला मशिदीत जाऊ लागला. हात थरथरायचे ते थांबले.

भावजयीचा निरोप आला: परत येण्याचा विचार करते आहे. लेकीच्या शाळेची सुट्टी संपायच्या आत येऊन बघून जाईन. त्यांच्या शब्दावर नाही, आपांच्या शब्दावर ठरवीन.

निरोप ऐकून आपा इतकी हरखली की तिनं मशीनवर बसलेल्या भावाच्या पाठीत धपाटाच घातला. "आता नीट राहा रे बाबा," ती म्हणाली, आणि दोघंही थोडं रडले.

आणि नेमका द्राक्षांचा हंगाम आला.

रस बरण्यांत भरताना आपाच्या मनात पाल चुकचुकली. मधले आठवडे यायचे होते, आणि घरात मास्टर होता. कापडातून वास सगळ्या घरात फिरणार. ज्यानं एवढ्या मुश्किलीनं सोडली त्याच्या नाकाशी रात्रंदिवस ते धरायचं? विषाची परीक्षा कशाला घ्या? त्या वर्षी हंगाम सोडून द्यावा, हे शहाणपण सुचायला हवं होतं, पण गिऱ्हाइकं वर्षभर वाट बघतात, आणि आपाला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. मग तिनं तेच केलं जे ती आयुष्यभर करत आली होती. पातळ कापडाऐवजी घट्ट झाकणं बसवली, फटी मेणानं बुजवल्या, वरून जाड कापडाची टोपरी घालून ती तिच्या ओबडधोबड टाक्यांनी आवळून शिवली, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली चहाच्या डब्यात ठेवली. वास म्हणून कुठे आला नाही. मास्टरनं एकदा विचारलं, "यंदा केला नाहीस का सिरका?" ती म्हणाली, "थोडासाच." झालं, आणखी एक खोटं.

दिवस भरले असं वाटल्यावर तिनं एका सकाळी, मास्टर कपडे पोचवायला गेला असताना, कुलूप काढलं. पहिली बरणी उघडली. नाक खाली नेलं.

चावरा वास नव्हता. साय नव्हती. जो वास आला तो तिला सासूच्या बरण्यांमधून नव्हे, भावाच्या शर्टांमधून ओळखीचा होता. तिनं दुसरी उघडली. तिसरी. सगळीकडे तेच. आपा तिथंच जमिनीवर बसली. सासूचं पहिलं वाक्य तिला आत्ता आठवलं: हवा लागली तर सिरका, हवा कोंडली तर असेल तिथंच राहील. कापड यासाठीच असतं, माशी आत जाऊ नये पण वारा जावा. हे तिला माहीत नव्हतं का? इतक्या वर्षांत हजारदा केलं होतं तिनं. पण भीतीपोटी ती बाकी सगळं विसरली आणि मधले आठवडे संपूच दिले नाहीत.

मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या बरणीकडे गेलं. त्या टोपऱ्याची शिवण सरळ होती. तिच्या टाक्यांसारखी वेडीवाकडी नव्हती, मुंग्यांच्या रांगेसारखी होती. चोरी करून पुन्हा शिवतानाही बिचाऱ्याला वाईट टाका घालता आला नव्हता. तिनं झाकण काढलं. बरणी पेलाभर कमी होती.

हसावं की रडावं, असं म्हणतात ना? आपानं दोन्ही केलं. आणि मग तिला मनापासून वाईट वाटलं, कारण तिला कळलं की तिनं झाकण लावलं नसतं तर या घरात प्यायला काहीच उरलं नसतं, नुसतं घसा जाळणारं आंबट पाणी असतं. भावाच्या पुढ्यात दारू तिनंच ठेवली होती, कुलूप लावून, भावाला सांभाळायच्या नावाखाली.

त्या दुपारी ती मौलवीसाहेबांच्या घरी गेली. जुने वारले होते, आताचे तरुण होते. आपाचा दरवर्षीचा प्रश्न अजून त्यांच्या कानावर आला नव्हता. त्यांच्या बायकोनं तिला बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतःही गोष्ट ऐकायला जवळ बसली. आपानं बरण्यांचं सगळं सांगितलं. भावाचं नाही सांगितलं. म्हणाली, "आमच्या ओळखीत एक जण आहे, त्यानं घेतली."

मौलवीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "बरण्यांचं सोपं आहे," ते म्हणाले. "तुम्ही सिरक्यासाठीच भरल्या होत्या. झाकणं काढा, कापड बांधा, होईल आपोआप. काही टाकून मुद्दाम बदलायचं म्हटलं तर आलिमांमध्ये, धर्म जाणणाऱ्यांमध्ये, मतभेद आहेत, पण आपोआप झालं तर कुणाचीच हरकत नाही."

"ओतून टाकणारेय मी," आपा म्हणाली. "घरात ठेवायचं धाडस नाही माझं."

"मग ओता. त्यात सवाब, म्हणजे पुण्यच आहे."

आपा उठली नाही. "एक विचारू? लहानपणापासून ऐकतेय, दारू हराम. का हराम, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, घाण वास येतो म्हणून. नाहीतर आतडी सडतात म्हणून."

"आतडी तर सडतातच. पण हुकूम टप्प्याटप्प्यानं आला, आपा, एकदम नाही. तेव्हा लोक पाण्यासारखी प्यायचे. आधी एवढंच सांगितलं गेलं, की तिच्यात गुन्हा मोठा आहे आणि माणसांना काही फायदेही आहेत, पण गुन्हा फायद्याहून मोठा आहे."

"फायदे आहेत असं सांगितलंय?" आपानं चमकून विचारलं.

"सांगितलंय."

आपाला याचं फार नवल वाटलं. ज्या अल्लाहला काहीही म्हणता आलं असतं, त्यानंही वाईट गोष्टीबद्दल वाढवून सांगितलं नव्हतं. तिनं तर एक पित्त आयुष्यभर पुरवलं होतं.

"मग सांगितलं, नशेत असताना नमाजला उभे राहू नका, आपण काय बोलतोय ते समजेपर्यंत. आणि मग पूर्ण बंदी. त्या वेळी कारणही सांगितलं. सैतानाला तुमच्यात वैर आणि द्वेष पेरायचाय, आणि तुम्हाला अल्लाहच्या आठवणीपासून आणि नमाजपासून अडवायचंय. लोकांनी ऐकलं आणि होतं नव्हतं ते रस्त्यावर ओतलं." ते थांबले. "तिला अरबीत खम्र म्हणतात. खम्र म्हणजे झाकणारी. तुमच्या डोक्यावरची ओढणी आहे ना, तिला खिमार म्हणतात, शब्द एकाच मुळातले. ओढणी डोकं झाकते, ही अक्कल झाकते."

आपाचा हात नकळत ओढणीकडे गेला. "आणि पिणाऱ्याला झाकणारे? त्यांचं काय?"

"दुसऱ्याची चूक गल्लीभर सांगत फिरू नये, झाकावी, हेही दीनच, आपल्या धर्माचंच सांगणं आहे," मौलवीसाहेब सावकाश म्हणाले. "पण ज्याचं नुकसान होणार आहे, तो विश्वासानं विचारायला आला, तर त्याच्यापासून झाकणं वेगळं. ती त्याची फसवणूक." मग त्यांनी थोडं हसून म्हटलं, "आणि तसंही कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुमच्या त्या ओळखीच्या माणसाची तब्येत आता कशी आहे? पित्त फार आहे म्हणे त्याला."

आपाचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि गल्ली लाह्या आणून देत होती.

ती घरी आली तेव्हा मास्टर परतला होता. मागच्या खोलीचं दार उघडं पाहून त्याला काय ते समजलं होतं. तिनं काही विचारलं नाही. पहिली बरणी उचलायला गेली, ती हलेना, तेव्हा त्यानं दुसरीकडून धरली. दोघांनी मिळून एकेक बरणी अंगणातल्या मोरीत ओतली. वास असा उसळला की मास्टरनं खांद्यात तोंड खुपसलं, पण हात सोडला नाही. नंतर आपानं बादल्या भरभरून मोरी धुतली.

"एकदाच, आपा," तो म्हणाला. "किल्ली चहाच्या डब्यात सापडली. बघायला गेलो होतो नुसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, दारापर्यंत, आणि परत आलो. अल्लाहची शपथ."

तिचा विश्वास बसला. पण तो एवढ्यावर थांबला नाही.

"ती उद्या येतेय. तिला सांगू नकोस. तुझ्या हातापाया पडतो. तुझ्या शब्दावर येणारेय ती. एकदा घर लागू दे, मग मी जन्मात हात लावणार नाही."

आपानं बरण्या उन्हात उपड्या घातल्या.

भावजय दुसऱ्या दिवशी सकाळी आली, एकटीच. लेकीला आणलं नव्हतं. आपानं तिला जवळ घेतलं, लेकीची चौकशी केली, चहा टाकला. पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. मास्टर सलाम करून पुन्हा कामाला बसला होता, चोरासारखा.

भावजयीनं कप खाली ठेवला. "आपा, एकच विचारते. इथं आल्यापासून त्यांनी घेतली?"

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

आपाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'तौबा तौबा, नावसुद्धा काढत नाही बघ तो!' इतक्या वर्षांची सवय, शब्द आपोआप ओठांपर्यंत आले. तेवढं म्हटलं की घर लागत होतं. पोर अंगणात खेळणार होती. तिनं तोंड उघडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"घेतली," ती म्हणाली. "एकदा. माझ्याच बरणीतली. मी मूर्खासारखी झाकणं घट्ट लावली, सिरका झालाच नाही. सगळं ओतलं काल. त्यानंच हात लावला ओतायला."

भावजयीनं कप बाजूला सरकवला.

"आणि पित्त कधीच नव्हतं त्याला," आपा म्हणाली. आता सुरुवात झालीच होती. "एकदाही नव्हतं. मी तुझ्या तोंडावर खोटं बोलत आले. मला वाटलं मी तुमचं घर वाचवतेय."

"पित्ताचं मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, आपा," भावजय म्हणाली. "मी शिंप्याची बायको आहे, त्यांचे शर्ट मीच धुवायचे."

ती उठली. ओढणी सारखी केली, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि कडीला हात घातला. आपा ओक्साबोक्शी रडत होती. आपण खरं बोललो आणि भावाचा संसार मोडला, एवढंच तिला दिसत होतं.

मास्टर मधल्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

भावजयीनं मागे वळून त्याला विचारलं, "आपांनी सांगितलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतं?"

'हो' म्हणायला काय लागतं? आजवर तो तेच म्हणत आला होता, सकाळी, दुपारी, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून. त्यानं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाही," तो म्हणाला. "नसतं सांगितलं. कालच आपाच्या हातापाया पडलो, सांगू नकोस म्हणून."

कडीवरचा हात खाली आला. मग भावजय मागे आली आणि खाटेच्या कडेवर बसली. पिशवी मात्र खांद्यावरून काढली नाही.

"मी रोज विचारणार," ती म्हणाली. "उद्या विचारणार, परवा विचारणार. कंटाळा करायचा नाही, चिडायचं नाही. हो असलं तर हो म्हणायचं."

"विचार."

"पोरीसमोर विचारणार."

मास्टरनं आपाकडे पाहिलं. आपानं जन्मात पहिल्यांदा त्याच्या वतीनं उत्तर दिलं नाही, ओढणीच्या टोकानं डोळे पुसत खाली बघत राहिली. त्याचं त्यालाच बोलावं लागणार होतं.

"पोरीसमोर विचार," तो म्हणाला.